रुक्माबाईची अर्धी कॅसेट

१

पोळ्याच्या सकाळी मुकुटबनात कोणाला कोणाची फुरसत नसते. कोणी बैलांच्या शिंगांना रंग लावतो, कोणी वर्षभर पेटीत पडलेली झूल झटकतो, आणि घराघरांतून पुरण शिजल्याचा वास येतो. अशा सकाळी प्रियंका भगत अनवाणी पळत आली आणि विमलताईंच्या ओसरीवर मटकन बसली.

"मावशी, कॅसेटी गेल्या! सगळ्या गेल्या!"

विमलताई मुनेश्वर पाट्यावर पुरण वाटत होत्या. पांढरकवड्याच्या कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेण्यात त्यांची उभी हयात गेली होती. आता निवृत्त होऊन गावी राहिल्या, तरी समोरचा बोलायला लागला की डोळे मिटून ऐकायची खोड काही गेली नव्हती. पोळ्याच्या पूजेशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पुरणपोळीशी होतं, आणि ते त्या लपवतही नसत.

"रडू नको. तोंड धू, आन् पहिल्यापासून सांग."

पहिल्यापासून सांगायचं तर गोष्ट टॉवरपासून सुरू होते. ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव बसलेला, पेपरवाले गाड्या भरभरून यायचे, गावाचे पडेल चेहरे टिपून न्यायचे. त्यातच एका संस्थेनं मुकुटबनात टॉवर उभा केला आणि आजूबाजूची धरून चार गावांना बिनतारी इंटरनेट दिलं. घरबसल्या बाजाराचा भाव कळावा, पावसाचा अंदाज कळावा. नाव ठेवलं गावजाळं. लोहाऱ्याच्या ऑफिसातले पगारी लोक यंत्रं सांभाळायचे आणि गावातले बिनपगारी गावमित्र केंद्र चालवायचे. या दोघांचं एक दिवस धड पटलं असेल तर शपथ! ऑफिस म्हणे, जबाबदारी आमची, तर हुकूमही आमचा. गावमित्र म्हणत, राबतो आम्ही, तर नियमही आमचे.

शेवटी पुण्याच्या मुख्य कचेरीनं फर्मान काढलं. केंद्र कधी उघडायचं, किल्ली कोणाकडे, इंटरनेटवर काय पाहायचं हे कोणी ठरवायचं, यावर लोकांची मतं पाठवा. नाही आली, तर ऑफिसचा मसुदा कायम. त्या मसुद्यात किल्ली ऑफिसची होती आणि वेळ दहा ते पाच. दहा ते पाच गावात असतं कोण? म्हातारे आणि कुत्री! बाकी सगळं गाव वावरात. आणि मतं पोचवायची शेवटची मुदत पुण्यानं नेमकी पोळ्याची संध्याकाळ ठेवली होती. तिकडं कॅलेंडरात बैल नसतात.

प्रियंका गावमित्रांतली सगळ्यांत तरुण. बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन ती चारही गावं फिरली. लिहिता न येणारे बोलले, बायका तर पहिल्यांदाच बोलल्या. बायकांच्या वेळी तिनं पुरुषांना बाहेर घालवलं आणि शब्द दिला की हे पुण्याला पोचण्याआधी कोणाच्या कानावर जाणार नाही. आज दुपारी ऑफिसची दीपमाला त्या कॅसेटी कंप्युटरवर चढवून पुण्याला पाठवणार होती.

"दिवेलागणीपर्यंत मतं गेली नाईत त सगळं संपलं, मावशी. बायकायले मी काय तोंड दाखवू?"

विमलताईंनी हात धुतले. पुरण तसंच पाट्यावर राहिलं, यावरून गोष्ट किती गंभीर होती ते समजावं.

२

केंद्र म्हणजे उकंडा ठाकरेच्या घराची रस्त्याकडची खोली. तिथं आधीच कल्ला माजला होता.

"ऑफिसवाल्यायचंच काम हाय हे!" खेमसिंग राठोड गरजत होता. हा गावमित्रांचा म्होरक्या. शेजारच्या तांड्यावरचा, इतका उंच की गाव त्याला टॉवरचा खांब म्हणे. पोळ्याच्या झडत्या म्हणण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि भांडण्यातही. "लोकायचा आवाज यायले नको होता. दाबला!"

"तोंड सांभाळून बोला," ऑफिसचे प्रमुख अतुल देशकर म्हणाले. नागपूरचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणंही इस्त्री केलेलं. "कॅसेट हे अधिकृत माध्यम नाही, एवढंच मी म्हणालो होतो. चोरी करायला मी काय वेडा आहे?"

विमलताईंनी दोघांकडे लक्ष दिलं नाही. दाराचं कुलूप शाबूत होतं. प्रियंकानं काल दुपारी कपाटात ठेवलेली कॅसेटींची पिशवी तेवढी गेली होती. टेबलावर टेपरेकॉर्डर तसाच होता.

"किल्ल्या कोनाकोनाजवळ हायेत?"

"दोनच हायेत," प्रियंका म्हणाली. "एक ऑफिसच्या जुडग्यात, एक खेमसिंगदादाच्या करगोट्याले. मलेबी पाह्यजे असली त दादाले मांगा लागते."

विमलताईंनी टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं. आत एक कॅसेट होती! प्रियंकानं झडप घातली.

"ही तांड्यावरच्या बायकायची! मावशी, एक वाचली! पन हे असं कसं? मी त हरेक कॅसेट पहिल्यापासून गुंडाळून ठेवते. ही अर्ध्यात हाय."

"म्हंजे कोनीतरी ऐकली," विमलताई म्हणाल्या. "आन् अर्ध्यात थांबवली. लाव जराशीक."

"मी शब्द देल्ता..."

"दोन वाक्यं. बाकी नाई."

बटण दाबलं. खरखर झाली, आणि रुक्माबाई राठोडचा जाडाभरडा आवाज खोलीत घुमला. "...आन् थो ऑफिसचा साहेब! येते, खुर्ची गरम करते, आन् जाते. आमी काय बोललो थे त्याच्या कानात शिरत नाई. कानात त्याच्या फोन खुपसला हाय!"

खोलीत एकच हशा पिकला. अतुलरावांचे कान लाल झाले.

"सापडला चोर!" खेमसिंगनं टेबलावर हात आपटला. "सोताची बदनामी आयकवली नाई, तवा बंद केली!"

सगळ्यांच्या माना अतुलरावांकडे वळल्या, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला विमलताईंनाही ते पटल्यासारखं वाटलं.

३

जबान्या उकंडाच्या मागच्या ओसरीवर झाल्या. आधी दीपमाला आली. यवतमाळची मुलगी, गावजाळ्याची यंत्रं तीच सांभाळे.

"काल संध्याकाळी मी टॉवरवर होते, ताई. अँटेनाची थाळी हलली होती. अंधार पडेस्तोवर सगळं गाव खालून सूचना देत होतं, विचारा कोणालाही. किल्ल्यांचं जुडगं दुपारीच सरांना दिलं होतं." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "आम्हाला गावमित्रांसोबत फार मिसळू नका अशी ताकीद आहे. पण त्या कॅसेटी पुण्याला जाव्यात असं मला मनापासून वाटत होतं."

मग अतुलराव. विमलताईंनी डोळे मिटले.

"काल संध्याकाळी मी माझ्या खोलीतच होतो. फोनवर. कामं होती."

विमलताईंनी एक डोळा उघडला. शर्ट इस्त्रीचा होता खरा, पण उजव्या बाहीची कड पिवळी धमक होती. त्या जरा पुढे वाकल्या. हळद, आणि वर तुपाचा वास.

"साहेब, खोलीत बसून बाहीले हळद लागत नाई."

अतुलरावांनी बाही झाकली, पण उशीर झाला होता.

काल खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांना आवतण देतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. ज्याच्या बाहीला ही हळद, तो काल गोठ्यात होता. आणि गोठा होता केंद्राच्या भिंतीला लागून.

"खोटं काहून बोलले?"

"मी... ते नंतर सांगेन," अतुलराव म्हणाले, आणि उठून गेले सुद्धा!

४

खेमसिंग आला तो बसलाच नाही.

"मी काल तांड्यावर होतो. माह्येबी बैल हायेत. किल्ली कमरेची सुटली नाई." त्याचा आवाज चढला. "ताई, दोन वर्स झाले, फुकट राबून राह्यलो. निंदन सोडून टॉवरले तार बांधली. लोकं पोटातून बोलले होते हो! आमच्या काकीनं, रुक्माबाईनं, त किल्लीवरून केवढं सुनावलं. तेबी वाया गेलं!"

"हं," विमलताई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते.

पुढं काही विचारणार तोच बाहेर ढोल वाजला आणि पोरं ओरडत पळाली. उकंडानं आपली जोडी सजवून बाहेर काढली होती. काय ते बैल! कपाळाला मटाट्या, पाठीवर रेशमी झुली, आणि शिंगांपासून शेपटापर्यंत काळपट तपकिरी, लकलकणाऱ्या पट्ट्या. वाऱ्यावर अशा सळसळत होत्या की लोक वाहवा करायला लागले.

प्रियंकानं किंकाळी फोडली. त्या पट्ट्या कॅसेटींच्या होत्या.

चार गावांनी मन मोकळं करून जे सांगितलं होतं, ते उकंडाच्या बैलांच्या शिंगांवर फडफडत होतं!

"मले काय मालूम?" उकंडा पार गांगरला. "सकाळी गव्हाणीत पिशवी होती. फिती काढूनच ठेवल्या होत्या. म्हटलं कोनीतरी बैलायले साज देला. पोळ्याले बैलाले देलेलं कोन इचारते? लावून टाकला."

"साहेब काल तुमच्या गोठ्यात आलते का?" विमलताईंनी विचारलं.

उकंडा खो खो हसला. "आलते म्हंजे! आवतण देऊन राह्यलो त दारातून पाहत उभे होते. म्हटलं, या, हात लावा. मंग काय, दोन्ही बैलायचे खांदे त्यायनंच मळले. लहानपनी आज्याच्या घरी करत म्हने. डोळ्यात पानी आलतं. कोनाले सांगू नका म्हने, ऑफिसच्या लोकायनं अंतर ठेवा असं आपनच सांगतलं हाय."

अतुलराव बाजूला मान खाली घालून उभे होते. गर्दीतून मात्र खेमसिंगचा आवाज आला, "पाहा! गोठ्यातबी होता, किल्लीबी होती! आता अजून काय पाह्यजे?"

५

विमलताई प्रियंकाला ओढत केंद्रात घेऊन गेल्या आणि दार लावलं.

"पोरी, आपुन सगळे गाढव. कॅसेट अर्ध्यात थांबली, तथून पुढं ऐकलं. पन ज्यानं थांबवली त्यानं पुढचं कुठं ऐकलं? त्यानं मागचं ऐकलं! मागं घे."

प्रियंकानं कॅसेट थोडी उलटी फिरवली. रुक्माबाई पुन्हा बोलायला लागली.

"...किल्ली खेमसिंगच्या कमरेले. त्याच्या भाच्यायले मशीन पाह्यजे तवा उघडते, आमी गेलो त म्हन्ते, सांजच्याले या. सांजच्याले गेलो त कुलूप. लोकायसाठी भांडतो म्हन्ते. भांडते, पन लोकायले बोलू देत नाई. माह्याच जेठाचा पोरगा हाय, म्हून सांगतो..."

आणि इथं ती जागा आली. इथंच कोणीतरी बटण दाबलं होतं.

प्रियंकानं टेप बंद केला. विमलताई एकेक बोट दुमडत होत्या.

"देशकर साहेबानं हे ऐकलं असतं त काय केलं असतं? नाचला असता! हीच कॅसेट पयले पुण्याले धाडली असती. दीपमाला टॉवरवर. तुले त ऐकाची गरजच नाई, तूच भरली. हे वाक्य कोनाच्या काळजाले लागन? आन् रागाच्या भरात पिशवी उचलली, मशीनमधली तेवढी राहून गेली."

"पन दादा? दादा असं करन?"

"त्यानं मले आत्ता सांगतलं, काकीनं किल्लीवरून सुनावलं म्हून. बाया बोलल्या तवा पुरुष बाहेर होते. मंग याले कसं समजलं? एकच शक्यता राहिली, काकीनं सोता सांगतलं असन."

त्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. बैलजोड्या जमतात त्या पोळ्याच्या तोरणाजवळ रुक्माबाई बायकांत उभी होती. विचारल्याबरोबर तिनं नाक मुरडलं.

"मी सांगू? त्याले? आखाडीपासून बोलनं बंद हाय आमचं. थो मले पाहून रस्ता बदलते."

खेमसिंग आपल्या बैलांच्या आडोशाला होता. विमलताईंनी आवाज चढवला नाही. कोर्टात चढवायची वेळ कधी आली नव्हती, ती इथं कशी यावी?

"खेमसिंग, कॅसेट कुठवर ऐकली?"

खेमसिंगनं बैलाच्या मानेवर हात ठेवला.

"लोकायनं ऑफिसले किती झोडपलं ते पाहाव म्हून लावली," तो म्हणाला. "सोताचंच नाव निघालं. माह्याच काकीच्या तोंडून! वाटलं, हे पुण्यात वाजलं त साहेब हासन. दोन वर्स, ताई... दोन वर्स मी कोनासाठी मेलो? डोकं फिरलं. फिती उपसल्या आन् पिशवी गव्हाणीत टाकली. उकंडा गव्हाणीतलं काहीबी बैलाले बांधते हे मले मालूम होतं."

"मले सांगतलं असतं त!" प्रियंका भडकली. "भांडली असती तुह्याशी, पन माह्या शब्दाचं खोबरं त झालं नसतं! बायका पयल्यांदा बोलल्या होत्या, दादा. आता पुन्हा कोन बोलन? कुठून आनू त्यायले?"

खेमसिंगचे डोळे भरून आले.

विमलताईंनी तोरणाकडे बोट दाखवलं. "आनाची काय गरज हाय? कॅसेटी गेल्या. लोकं त सारे इथंच उभे हायेत."

६

त्या दुपारी जे झालं ते मुकुटबन अजून सांगतं. दीपमालानं टॉवरच्या बॅटऱ्या सोडवल्या, माइक तोरणाखाली आणला आणि बाकीच्या तीन गावांच्या केंद्रांना निरोप गेले, तुमच्याही तोरणाखाली माइक लावा. सरांची परवानगी घ्यायला ती वळली, तर सर बाह्या वर करून वायर ओढत होते.

"मुदत दिवेलागणीची आहे ना? मग चला लवकर," अतुलराव म्हणाले. "आणि हो, मी काल गोठ्यात होतो. सगळ्यांना सांगा!"

पोळ्यात झडती म्हणायचा हक्क सगळ्यांना. ज्याला जे टोचतं ते त्यानं यमकात ओरडायचं, पाटलाला सोडायचं नाही, सावकाराला सोडायचं नाही, आणि कोणी रागवायचं नाही. माइक चालू झाला आणि लोकांनी सवयीनं खेमसिंगला पुढं ढकललं. तो तोरणाखाली आला. चोराचं नाव सांगायचं की नाही, हे विमलताईंनी त्याच्यावरच सोडलं होतं.

खेमसिंगनं कानावर हात ठेवला.

"टॉवर बांधला उंच उंच, वरतं लावली थाळी,
किल्ली माह्या कमरेले, कुलूप गावाच्या कपाळी!
साहेब तिकडं लोहाऱ्याले, इथं माह्यंच राज,
कॅसेट फोडून चोरट्यानं बैलाले केला साज!
चोर कोन म्हून आता पाहू नका लांब,
तोरणाखाली उभा हाय थो टॉवरचा खांब!
हर बोला, हर हर महादेव!"

आधी उकंडालाच हसू फुटलं, आणि त्याच्यामागून सगळा पोळा हसला. तिकडून स्पीकरमधून दुसऱ्या गावाचा हशा ऐकू आला. खेमसिंग रडत होता आणि हसतही होता. करगोट्याची किल्ली सोडून त्यानं प्रियंकाच्या हातात दिली आणि म्हणाला, "चुकलं माह्यं."

"अजून राग हाय माह्या मनात," प्रियंका म्हणाली. किल्ली मात्र घेतली.

मग माइक फिरायला लागला. अतुलरावांवर तीन झडत्या झाल्या, पुण्यावर दोन, विमलताईंच्या पुरणपोळीवर एक. पण सगळे पुरुष. बायका पदर तोंडाला लावून मागंच उभ्या होत्या. बाईनं झडती म्हटलेली गावानं कधी ऐकली नव्हती. प्रियंका त्यांच्याकडे पाहत राहिली. दिवस कलत आला होता.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, घागऱ्यावरच्या आरसे-कवड्या वाजवत रुक्माबाई आली. फिरून पुतण्याच्या हाती आलेला माइक तिनं हिसकला.

"तुमी उघडता दहाले, आमी तवा वावरात,
आमी येतो दिवेलागणीले, तुमी असता घरात!
आमच्यासाठी भांडता म्हने, भांडा बापा भांडा,
पन आमालेबी इचारा कवा, बोलते आमचा तांडा!
हर बोला, हर हर महादेव!"

तिच्यामागं दुसरी आली, मग तिसरी, आणि स्पीकरमधून तिकडच्या बायकाही. अंधार पडायच्या आत दीपमालानं सगळं पुण्याला पाठवलं. लगेच पुण्याहून फोन आला.

"देशकर, हे काय आहे? मत म्हणून नोंदवायचं कसं? लेखी सारांश करून पाठवा."

"सारांश नाही," अतुलराव म्हणाले. "जसं बोललेत, तसं ऐका. कळलं नाही तर इकडे या, लोक समजावून सांगतील." फोन ठेवला आणि मागं वळून पाहतात तर अख्खा पोळा कान देऊन ऐकत होता. गावानं त्या दिवशी शेवटची 'हर बोला' ऑफिसच्या साहेबासाठी दिली.

पुण्यानं ऐकलं. ऑफिसचा मसुदा बारगळला. केंद्र पहाटे आणि दिवेलागणीनंतर उघडं राहील, किल्ली बायका आळीपाळीनं सांभाळतील, आणि इंटरनेटचा कुठलाही नियम बदलायचा तर आधी गावसभेत बोलायचा, ऑफिस आणि गावमित्र दोघांनी खाली बसून ऐकायचं, असं ठरलं.

पहिली किल्ली रुक्माबाईकडं गेली. पहिल्या संध्याकाळी केंद्राबाहेर ही रांग! खेमसिंग मधेच उभा होता, त्याच्या पुढं मुकुटबनची एक सून, कंप्युटरला पहिल्यांदाच हात लावणारी. तिला कापसाचा भाव विचारायचा होता आणि शब्द जुळत नव्हते. खेमसिंगला राहवेना. "अवं, ती असं म्हन्ते का..." त्यानं तोंड उघडलंच.

"थांब," रुक्माबाई म्हणाली. "तिले बोलू दे."

"बरं, काकी," खेमसिंग म्हणाला.

आणि त्या सुनेचं बोलून होईपर्यंत तो खरोखर गप्प राहिला. असं गावानं आधी कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून ज्यांची कामं झाली होती तेही नुसतं तेवढं पाहायला थांबले.